नकाशावर उरलेले स्टेशन
(एका लढाऊ वैमानिकाच्या चरित्राची प्रस्तावना)

पुलगावहून आर्वीला जाणारी नॅरोगेज गाडी जोवर धावत होती तोवर तिची कोणी तारीफ केल्याचे मला स्मरत नाही. ती थांबली आणि मग ज्यांनी तिच्या संथपणाला आयुष्यभर नावे ठेवली त्यांनाच तिच्या शिटीवाचून चुकल्याचुकल्यासारखे होऊ लागले. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे आर्वीच्या तहसील कचेरीत गेली, त्यामुळे त्या पस्तीस किलोमीटरांच्या फाट्याचा मी नित्याचा उतारू होतो. गाडी बंद पडल्यानंतरही एखादा परमुलखी इसम जुन्या वेळापत्रकाच्या भरवशावर पुलगावच्या फलाटावर उतरे आणि आर्वीची गाडी कोठून सुटते अशी पृच्छा करी. आणि त्याच्या मुखातून तो प्रश्न निघाला रे निघाला की चहावाल्यापासून हमालापर्यंत सर्वांना उमगे की हा मनुष्य इकडचा नव्हे. पोशाख उसना आणता येतो, बोलीही थोड्या सरावाने साधते. परंतु मेलेल्या रेल्वेची चौकशी करणारा मनुष्य लपून राहात नाही.

ही किरकोळ आठवण आरंभीच सांगण्याचे कारण असे की, ज्या चरित्राची ही प्रस्तावना आहे त्याच्या नायकाचा, म्हणजे भारतीय वायुदलातील ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर पारुळकर यांचा, आयुष्यातील सर्वांत मोठा डाव अशाच एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनाने उधळला. ते स्टेशन खैबर खिंडीत होते. त्याचे नाव लंडी खाना.

हस्तलिखित घेऊन चरित्रलेखक माझ्याकडे आले तेव्हा मी प्रथम नकार दिला. विमानविद्येत मला गती नाही, आणि ज्या जिल्ह्यात मी वाढलो त्या जिल्ह्याचे युद्धाशी असलेले नाते मोठे विचित्र आहे. वर्धा शहरापासून काही कोसांवर सेवाग्रामची कुटी आहे. आणि त्याच जिल्ह्यात, पुलगावला, लष्कराच्या दारूगोळ्याचे प्रचंड भांडार आहे. एकीकडे शस्त्राचा मनानेही त्याग करण्याचे व्रत, दुसरीकडे साऱ्या देशाच्या शस्त्रांची कोठी, आणि या दोहोंच्या मध्ये कापूस, तूर, सोयाबीन पिकविणारा कास्तकार, अशी आमची रचना आहे. या रचनेत लढाऊ वैमानिकाचे चरित्र कोठे बसवावे हे मला कळेना. मात्र हस्तलिखिताचा मध्यभाग वाचताना ध्यानात आले की हा ग्रंथ वस्तुतः जितका आकाशाविषयी आहे तितकाच तुरुंगाविषयी आहे. आणि तुरुंग हा विषय वर्धेकरांना परका नाही.

परका नाही, असे म्हणताना आमच्या पिढीने तुरुंगाविषयी जे ऐकले ते कोणत्या जातीचे होते हे सांगितले पाहिजे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला, तो चोरून नव्हे. सत्याग्रही आपली वेळ आणि जागा सरकारला आगाऊ कळवी, पोलिसांची वाट पाही, आणि शिक्षा झाल्यावर ती पुरी भोगून बाहेर येई. त्यापूर्वी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीचा ‘छोडो भारत’चा तो सुप्रसिद्ध ठराव झाला, ज्याच्या पाठोपाठ पुन्हा सारे पुढारी गजांआड गेले. आमच्या लेखी तुरुंग ही जाणूनबुजून जाण्याची, जवळजवळ तीर्थासारखी जागा. तेथून पळून येणे म्हणजे व्रतभंग. लहानपणी एखाद्या वयोवृद्ध सत्याग्रह्याला आम्ही कौतुकाने विचारीत असू, “आजोबा, तुम्ही किती वर्षे होता आत?” भिंत फोडून बाहेर कसे आलात, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

युद्धकैद्याचा तुरुंग याच्या नेमका उलटा. तेथे कैदी गुन्हेगार नसतो, सत्याग्रहीही नसतो. तो केवळ शत्रूच्या हाती सापडलेला शिपाई असतो, आणि पळून जाण्याचा प्रयत्न करणे हा त्याच्या शिपाईगिरीचाच भाग मानला जातो. १९४९ च्या जिनीव्हा कराराने ही गोष्ट जवळजवळ मान्यच केली आहे. त्या कराराच्या कलमांप्रमाणे जो कैदी पळून जाऊन आपल्या सैन्याला मिळाला किंवा शत्रूच्या मुलखाबाहेर पडला त्याला, तो पुन्हा हाती लागला तरी, त्या पलायनाबद्दल शिक्षा करता येत नाही. आणि जो वाटेतच पकडला गेला त्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा, तीही एका वेळी जास्तीत जास्त तीस दिवसांची, देता येते. महसूल खात्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्या मनुष्यास कायद्याच्या पुस्तकात क्वचितच काव्य दिसते. परंतु पळणाऱ्याच्या पळण्याला मर्यादित सन्मान देणारे हे कलम वाचून मी काही काळ पुस्तक मिटून बसलो.

मराठी लढाऊ वैमानिकांची परंपरा मोजू गेल्यास ती थेट पहिल्या महायुद्धापर्यंत पोहोचते, आणि योगायोग असा की तिचा प्रारंभही कैदेतच होतो. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे इंग्लंडात शिकत असता, हिंदी तरुणाला वैमानिक अधिकारी करण्यास नाखूश असलेल्या सरकारकडून मोठ्या खटपटीने सनद मिळवून, सॉपविथ डॉल्फिन जातीच्या विमानावर फ्रान्सच्या रणांगणावर गेले. जून १९१८ मध्ये ते जर्मनांच्या मुलखात पाडले गेले आणि जखमी अवस्थेत, शत्रूच्या कैदेतच, त्यांचा अंत झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडालेले हृषीकेश मुळगावकर यांनी पुढे १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेत महावीर चक्र मिळविले आणि १९७६ ते १९७८ या काळात ते वायुसेनाध्यक्ष होते. या दोघांवर स्वतंत्र ग्रंथ व्हावेत. येथे नुसता नामनिर्देश पुरे.

‘लढाऊ वैमानिक’ म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे दोन विमानांचे आकाशातील द्वंद्व उभे राहते. सिनेमाने ही समजूत इतकी पक्की केली आहे की चरित्रलेखकाला पहिली दोन प्रकरणे ती मोडण्यातच घालवावी लागली, आणि ती वाजवीपेक्षा लांबली असली तरी वाया गेली नाहीत. पारुळकर १९६३ च्या मार्चमध्ये वायुदलात अधिकारी झाले. दोनच वर्षांनी, १९६५ च्या युद्धात, त्यांच्या विमानावर गोळीबार होऊन उजवा खांदा जखमी झाला. छत्रीने उडी घ्या, असा सल्ला मिळाला असता त्यांनी तो मानला नाही आणि मोडके विमान तळावर आणून उतरविले, याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. ही गोळी दुसऱ्या विमानाची नव्हती, जमिनीवरून आली होती. भारतीय लढाऊ वैमानिकांचे १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांतील पुष्कळसे काम हे असेच, झाडांच्या उंचीवरून रणगाडे, तोफा आणि रेल्वेगाड्या शोधीत जाण्याचे होते. आणि ज्या उंचीवरून रणगाडा दिसतो त्या उंचीवर रणगाड्याशेजारच्या बंदूकवाल्यालाही विमान चांगले दिसते.

१९७१ साली पारुळकर सुखोई-७ या रशियन विमानावर होते. एकच इंजिन, नाकाडाच्या टोकाला पुढे आलेला भाला, पंखांच्या मुळाशी तीस मिलिमीटरच्या दोन तोफा असे हे धिप्पाड यंत्र. त्याची खादाडी अशी की खाली राहून वेगात गेले तर इंधन बघता बघता संपावे, परंतु सोशिकता अशी की अंगावर भोके पाडून घेऊनही परत यावे. सहा स्क्वॉड्रनांनी हे विमान त्या युद्धात वापरले आणि त्यांच्या वाट्याला जमिनीलगतच्या हल्ल्यांचे काम मोठ्या प्रमाणावर आले. साहजिकच कैदेत पडलेल्यांतही सुखोईवाले पुष्कळ होते. १० डिसेंबर १९७१ रोजी पारुळकरांचे विमान पाडले गेले. त्याआधी, आपण कधी पकडले गेलो तर पळून येऊ, असे त्यांनी आपल्या वरिष्ठांजवळ बोलून दाखविले होते म्हणतात. पण तारुण्यातले असे बोलणे खरे करून दाखविण्याचा प्रसंग सहसा कोणावर येत नाही, आणि आला तर पुष्कळांना ते बोलणे आठवत नाही.

रावळपिंडीच्या कैदखान्यातील दिवसांची हकीकत या ग्रंथाचा उत्कृष्ट भाग आहे. छावणीचे प्रमुख स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद हे सभ्य गृहस्थ होते. आणि कैद्यांनी त्यांच्याविषयी पुढेही कृतज्ञतेनेच लिहिले आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. युद्ध दोन आठवड्यांत संपले. २ जुलै १९७२ चा सिमला करारही झाला. भारताच्या ताब्यात पाकिस्तानचे ९३,००० च्या आसपास युद्धकैदी होते. तरीही हे मूठभर वैमानिक सुटेनात, कारण कैद्यांचा प्रश्न नव्या बांगलादेशच्या मान्यतेशी गुंतला होता. तडजोडीच्या वाटाघाटी वरच्या दालनात चालल्या म्हणजे खालच्या कोठडीतल्या मनुष्याचे दिवस कसे लांबतात, हे ज्यांनी कधी एखाद्या प्रकरणाचा निकाल लागण्याची वाट पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

या दिवसांत पारुळकरांनी, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोघां सोबत्यांसह, भिंत फोडण्याचे काम मांडले. हाताला लागतील त्या किरकोळ हत्यारांनी ते गिलावा आणि विटा उकरीत. वेगाने वळताना रक्त पायांकडे ओढले जाऊ नये म्हणून वैमानिक जो फुगणारा जी-सूट घालतात, त्याच्या रबरी पिशव्या पाणी साठविण्यास उपयोगी पडल्या. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र तयार झाले, ते कामत नावाच्या सहकैद्याच्या हातचे. हे कामत स्वतः पायांनी इतके जायबंदी होते की पळण्याचा विचारही त्यांना शक्य नव्हता, आणि तरीही दुसऱ्यांच्या पळण्यासाठी ते सुई घासीत बसले. मला विचाराल तर साऱ्या हकीकतीत हा एक तपशील असा आहे की ज्याच्यासमोर भिंतीचे भोक मला लहान वाटते. कैदी अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या मासिक भत्त्यातून पैसे शिलकी टाकले गेले, पठाणी पोशाख मिळविले गेले. आणि मार्ग ठरविण्यासाठी हाती आला तो शाळकरी मुलांचा एक जुना नकाशासंग्रह. त्या नकाशात पेशावरहून निघालेली रेल्वे खैबर खिंड ओलांडून लंडी खाना या स्टेशनापर्यंत गेलेली दाखविली होती. लंडी खान्यापुढे अफगाण सरहद्द.

१२ आणि १३ ऑगस्ट १९७२ च्या मधल्या रात्री धुळीचे वादळ उठले, पाऊस आला, पहारेकऱ्याने डोक्यावरून पांघरूण ओढून घेतले, आणि तिघे भोकातून बाहेर पडून रस्त्यावर आले. तेथून बसने पेशावर, पेशावरहून पुढे जमरूद, आणि सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास खिंडीतील लंडी कोतल. रावळपिंडीपासून दोनशेहून अधिक किलोमीटरचा पल्ला अर्ध्या रात्रीत आणि एका सकाळीत संपला होता. सरहद्द चार-पाच मैलांवर आली होती. आणि येथे, बाजारात, त्यांनी लंडी खान्याला जाण्याचा रस्ता विचारला.

लंडी खान्याची रेल्वे १९२६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि १९३२ च्या डिसेंबरात बंद पडली. म्हणजे जे स्टेशन हे तिघे विचारीत होते ते चाळीस वर्षांपूर्वी निकालात निघाले होते, आणि त्या बाजारातल्या बहुतेक तरुणांच्या जन्मापूर्वीच त्याचे नाव रोजच्या बोलण्यातून गेले होते. नकाशा छापणाऱ्याने ते पुसले नव्हते, एवढाच त्याचा जीव. त्यांचा प्रश्न ज्याने कान देऊन ऐकला तो होता तहसीलदाराचा अर्जनवीस. त्याला हे भारतीय आहेत असा संशय आलाच नाही; त्याला वाटले हे बंगाली आहेत. बांगलादेश झाल्यावर पश्चिम पाकिस्तानात अडकलेले कित्येक बंगाली त्याच वाटेने काबूलकडे निसटत होते, आणि त्यांच्यावर नजर ठेवणे हे स्थानिक अंमलदारांचे कामच झाले होते. त्याने तिघांना तहसीलदारापुढे उभे केले.

येथे मला, आर्वीच्या कचेरीत बसलेल्या मनुष्याला, क्षणभर त्या अर्जनवीसाच्या जागी जाऊन बसल्यावाचून राहावले नाही. अर्जनवीस हा प्राणी आमच्याकडेही प्रत्येक तहसिलीबाहेर, निंबाच्या किंवा वडाच्या सावलीत, पेटीवर कागद पसरून बसलेला असे. दाखला, नक्कल, फेरफार, तगाई, वाटणी यांचे अर्ज लिहून देणे हा त्याचा व्यवसाय. दिवसभर निरनिराळ्या गावचे लोक त्याच्यापुढे आपली गाऱ्हाणी सांगत असल्यामुळे कोणत्या गावाला कोणती वाट जाते, कोणता ओढा पावसाळ्यात अडतो, कोणत्या पटवाऱ्याचे दप्तर कोठे असते, हे त्याला साहेबांपेक्षा अधिक माहीत. बोलणाऱ्याचे बोलणे ऐकताना कोठे काही जुळत नाही हे हेरणे हीच त्याची रोजी. वैमानिकांना शत्रूचे रडार चुकविण्याचे शिक्षण मिळालेले असते. अर्जनवीसाला चुकविण्याचे शिक्षण कोणत्याही प्रबोधिनीत मिळत नाही.

तिघांनी आपण पाकिस्तानी वायुदलातील साधे शिपाई असून लाहोरहून रजेवर फिरावयास आलो आहोत असे सांगितले. पारुळकरांचे नाव झाले फिलिप पीटर, सिंहजींचे हॅरोल्ड जेकब, ग्रेवालांचे अली अमीर. पण जबानी टिकेना, आणि त्या काळच्या त्या मुलखात संशयित मनुष्याचे पुढे काय होईल याचा भरवसा नव्हता. तेव्हा पारुळकरांनी जी तोड काढली ती भिंत फोडण्यापेक्षा अधिक हुशारीची होती, असे माझे मत आहे: त्यांनी पाकिस्तानच्या वायुसेनाप्रमुखांच्या एडीसीला टेलिफोन करण्याची परवानगी मागितली. तो एडीसी म्हणजे उस्मान हमीद. रावळपिंडीच्या छावणीतून त्यांची तेथे बदली झाली होती. फोनवर आवाज ओळखताच हमीदांनी परिस्थिती जाणली आणि हे आपलेच लोक आहेत, यांना सुरक्षित ठेवा, इजा करू नका, अशी तंबी तेथील अंमलदारांना दिली. ज्याच्या कैदेतून पळाले त्याच्याच शब्दावर जीव वाचला, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

पुढचे थोडक्यात सांगण्याजोगे आहे. करारात लिहिल्याप्रमाणे तीस दिवसांचा एकांतवास झाला. नंतर सर्वांना लायलपूरच्या छावणीत हलविले. आणि १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघा सरहद्दीवरून पायी भारतात आले. परत आल्यावर पारुळकर पुन्हा विमानात बसले, अकादमीत शिकवू लागले, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांनी जबाबदारीचे पद सांभाळले, विशिष्ट सेवा पदक मिळविले. १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्याजवळ त्यांचे निधन झाले. पलायनाच्या त्या रात्रीला त्रेपन्न वर्षे पुरी होण्यास दोन दिवस कमी होते. या सुखाच्या उत्तरार्धाला चरित्रलेखकाने एकच प्रकरण दिले आहे, ते योग्यच आहे.

वाघ्याच्या त्या दिवसाचे वर्णन वाचताना दुसऱ्या एका मराठी सुखोई-वैमानिकाचे नाव आठवल्यावाचून राहात नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटच्या बाजूला पाडले गेले, आणि त्या दिवशी परतलेल्यांत ते नव्हते. बॅडमिंटनमध्ये देशाचे विजेतेपद मिळविलेल्या त्यांच्या पत्नी दमयंती तांबे यांनी, लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नसता, जो शोध सुरू केला तो अनेक दशके चालविला. बेपत्ता चोपन्न जणांच्या यादीतील ते एक नाव आहे. या यादीकडे पाहिले म्हणजे हमीदांच्या टेलिफोनची किंमत कळते.

मराठी वाचकाला पलायन म्हटले की आग्रा आठवणार, आणि लेखकालाही तो मोह आवरला नाही. १७ ऑगस्ट १६६६ आणि १३ ऑगस्ट १९७२ अशा तिथ्या शेजारी शेजारी ठेवून त्याने दोन पाने खर्ची घातली आहेत. मला ही तुलना पटत नाही. आग्र्याची सुटका सफल झाली, तिच्यामागे एका राज्याचे बुद्धिबळ होते. पारुळकरांचा खरा पूर्वसूरी मला वासुदेव बळवंत फडक्यांत दिसतो: फेब्रुवारी १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगाचा दरवाजा बिजागऱ्यांसकट उखडून ते बाहेर पडले, थोड्याच अवधीत पकडले गेले, आणि अन्नत्यागाने चार दिवसांत गेले. दोघेही पळाले ते पोहोचण्याची खात्री होती म्हणून नव्हे. फडक्यांच्या मागे मात्र जिनीव्हाचा करार नव्हता, आणि एडनमध्ये टेलिफोनवर बोलणारा कोणी हमीदही नव्हता.

आणि सेवाग्रामचे काय? १९७२ च्या त्या ऑगस्टमध्ये विनोबा पवनारच्या आश्रमात, धाम नदीच्या काठी, क्षेत्रसंन्यास घेऊन बसले होते. म्हणजे एक मनुष्य आपण होऊन आखलेल्या सीमेत राहात होता, त्याच महिन्यात दुसरा मनुष्य दुसऱ्याने आखलेली सीमा फोडीत होता. मी या दोघांना एका तागडीत घालीत नाही. सत्याग्रही आपले नाव सांगून तुरुंगात जातो. युद्धकैद्याला नाव बदलून बाहेर यावे लागते. परंतु आमच्या जिल्ह्यातील मुलांना यांपैकी एकच गोष्ट सांगितली गेली, दुसरी सांगितली गेली नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आणि मुख्यतः म्हणूनच ही प्रस्तावना लिहिण्याचे मी पत्करले.

ग्रंथात दोष नाहीत असे नाही. विमानांच्या तांत्रिक वर्णनांत लेखक रमतो आणि वाचक मागे पडतो. संभाषणे काही ठिकाणी नाटकी झाली आहेत. पण माझा मोठा वाद झाला तो एकाच शब्दावरून. पहिल्या मसुद्यात लेखकाने लंडी कोतलच्या त्या अर्जनवीसाला ‘घरभेदी’ म्हटले होते. मी म्हणालो, तो तुमच्या घरचा नव्हताच, मग भेद कोणाच्या घरात केला? त्याने आपल्या सरकारचे काम, कोणी न सांगता, एका चुकीच्या प्रश्नावरून केले. आमच्या आर्वीच्या अर्जनवीसाने परका हेर असा ओळखला असता तर आपण त्याला बक्षीस दिले असते. लेखकाने बराच विचार करून तो शब्द काढला आणि त्या जागी ‘कारकून’ असे घातले. छपाईची घाई असल्यामुळे मी अधिक आग्रह धरला नाही. तथापि कारकून सरकारी पगारावर कचेरीच्या आत बसतो आणि अर्जनवीस बाहेर झाडाखाली, हा भेद लक्षात घेऊन दुसऱ्या आवृत्तीत तरी ही दुरुस्ती व्हावी.